घरभरणीच्या आधी : लातुरातल्या एका फ्लॅटचं प्रकरण

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. "ताई, फ्लॅटची किल्ली मिळाली. अक्षय तृतीयेला घरभरणी करायची आहे. आई-बाबांनी नुसतं अंगावरच्या कपड्यांनिशी यायचं. चहाच्या गाळणीपासून पायपुसण्यापर्यंत सगळं आत तयार पाहिजे. आणि त्यांना आधी काही कळू द्यायचं नाही."

मी लातुरात 19 वर्षं घरांची आतली कामं करते. ओटे, कपाटं, दिवे, पडदे, रंग. असे फोन अलीकडे वाढलेत. मुलं पुण्या-मुंबईला किंवा देशाबाहेर नोकरीला, आई-वडील गावी. गावात दवाखाना नाही म्हणून, किंवा नातवाच्या अकरावी-बारावीसाठी, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी फ्लॅट घेतला जातो आणि तो पूर्ण सजवून आई-वडिलांच्या हातात द्यायचा असतो. त्यामागची माया खरी असते, म्हणून हे काम मला फार जवळचं वाटतं. हे प्रकरण सविस्तर लिहितेय ते त्यात माझी चूक वेळेवर लक्षात आली म्हणून, आणि ज्या कारणानं लक्षात आली ते कारण आमच्या भागातल्या पुष्कळ घरांना लागू आहे म्हणून. कुटुंबाला विचारून लिहितेय. नावं आणि गाव मात्र टाळलंय. त्यांना मी गुरुजी आणि काकू म्हणते, इथंही तसंच म्हणेन.

फ्लॅट औसा रोडच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. कार्पेट एरिया 740 चौरस फूट, दोन बेडरूम, स्वयंपाकघराला लागून छोटी ड्राय बाल्कनी, हॉलची खिडकी पश्चिमेला. राहणार तिघं : गुरुजी, वय 70, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. काकू, वय 63. आणि जूनपासून लेकीचा मुलगा, अकरावीसाठी. हातात साडेसात लाख रुपये आणि साधारण साडेतीन महिने.

मुलानं पंचवीस-तीस फोटो पाठवले होते. पांढरा एल आकाराचा सोफा, काचेचं डायनिंग टेबल, स्वयंपाकघरात मधोमध छोटा ओटा, गादी उचलली की खाली सामान ठेवता येतं तसा हायड्रॉलिक पलंग, पीओपीचं छत आणि त्यात लपवलेले पिवळे दिवे. मी त्यावरून नकाशा काढला. चांगला दिसत होता. मुलानं एका संध्याकाळीच होकार दिला, सोफ्याच्या कापडाची आगाऊ रक्कमही दिली.

मग निलंग्याहून गुरुजी-काकूंच्या लेकीचा फोन आला. तिला या बेताची कल्पना होती. ती एवढंच म्हणाली, "ताई, आईची काटवट बसंल अशी जागा ठेवा बरं का. ती स्टीलच्या परातीत पीठ मळत न्हाई." मी नकाशा पुढ्यात घेतला. काटवट म्हणजे लाकडाची जड, रुंद परात. सव्वा फूट ते दीड फूट व्यास. माझ्या नकाशात ती ठेवायला, मळायला आणि उभी करून वाळवायला, यातल्या एकाही गोष्टीला जागा नव्हती. काकू दिवसातून दोनदा भाकरी करतात, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मुलाला मी स्पष्ट सांगितलं की गंमत मोडावी लागेल, मला गावी जाऊन एक पूर्ण दिवस काढायचाय. तो नाराज झाला. दोन दिवसांनी त्यानंच आईला फोन करून सगळं सांगितलं.

गावातला एक दिवस

गाव औसा तालुक्यातलं, पुनर्वसित. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन होतं, माणसं उशिरा झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं बसली. जुनी घरं माळवदाची : मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर सागवानी तुळया आणि त्यावर दीड-दोन फूट मातीचा थर. दर पावसाळ्याआधी वर नवी पांढरी माती पडायची, त्यामुळं छताचं ओझं वाढतच गेलेलं. उन्हाळ्यात अशी थंड घरं दुसरी नव्हती. हादरा बसल्यावर त्याच भिंती सुटल्या आणि ते सगळं ओझं खाली आलं. 52 गावं पुढं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या हिशेबानं 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं बांधून मिळाली.

गुरुजींचं घर 400 फुटांचं. मी सकाळी सातला पोचले आणि रात्री आठला निघाले. मोजपट्टी होतीच, पण जास्त वेळ मी नुसती बसून होते.

काकू पहाटे पाचला उठतात. चूल घरात नाही. घरासमोर त्यांनी पत्र्याचं शेड टाकलंय, त्याच्या एका कोपऱ्यात चूल, शेजारी गॅस. बांधून मिळालेल्या स्वयंपाकघरात ज्वारीचे कट्टे, तुरीच्या डाळीचं पिंप आणि शेंगदाण्याचं पोतं. म्हणजे त्या खोलीची कोठी झालेली. भाजी त्या जमिनीवर बसून विळीवर चिरतात. दुपारी गुरुजी शेडमध्ये बाजेवर आडवे होतात. दिवसभरात अकरा माणसं येऊन गेली. त्यातले आठजण जाजमावर बसले, दोघं बाजेच्या काठावर, एकटा तलाठी प्लास्टिकच्या खुर्चीत. संध्याकाळी पाच ते सात काकू दारापुढच्या कट्ट्यावर. शेजारच्या तिघी तिथंच. घरातल्या सगळ्या जागांपैकी त्यांचा चेहरा सगळ्यात मोकळा दिसला तो तिथं.

दुपारी मी त्यांना विचारलं, नवं घर कसं असावं? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माय, मला दुसऱ्यांदा तयार घर मिळायलंय. पयल्यांदा मिळालं तव्हा चांगलंच होतं, पक्कं होतं, डोक्यावर छत आलं. पर चूल कुठं मांडू, पाव्हणा कुठं बसवू, हे कुणी इचारलं न्हाई. मग हे शेड घातलं. शेड घालायला आमाला सहा वर्सं लागली. आता फ्लॅटात शेड कुठं घालू?"

मला पुढं काही बोलता आलं नाही. भूकंपानंतर हजारो घरं घाईनं उभी करायची होती, एकेका बाईला चुलीची जागा विचारत बसायला वेळ नव्हता, हे मी समजू शकते. माझ्याकडं मात्र साडेतीन महिने होते आणि विचारायच्या बायका मोजून एक.

परत आल्यावर मी पहिला नकाशा बाजूला ठेवला. सोफ्याचं कापड अजून कापलेलं नव्हतं, त्यामुळं आगाऊ रक्कम दिवाणाच्या गाद्यांकडं वळवता आली. मुलाशी फोनवर तासभर बोलले. तो सुरुवातीला म्हणाला, "ताई, मग गावासारखंच घर करायचं तर फ्लॅट कशाला?" प्रश्न रास्त होता. गावचं घर उचलून आणायचं नव्हतं. गुडघेदुखीसाठी उंच बसायची सोय, धूर नसलेलं स्वयंपाकघर, घरातल्या घरात संडास, रात्री गारवा या गोष्टी काकूंनाही हव्याच होत्या. गावातल्या घरात जे आपोआप घडतं त्यासाठी फ्लॅटमध्ये इंचांत जागा राखायची होती, एवढंच मी त्याला समजावलं.

ओटा

या कामात सर्वांत जास्त विचार मी ओट्याचा केला, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिते.

फ्लॅटमध्ये ग्रॅनाइटचा ओटा आधीच बसवलेला होता, उंची 34 इंच. बाजारात तयार ट्रॉल्या याच मापाच्या आसपास मिळतात, म्हणून सगळीकडं हेच माप. काकूंची उंची 4 फूट 10 इंच. पोळी लाटायला हा ओटा त्यांना जेमतेम चालला असता. भाकरीचं तसं नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते गरम पाण्यात तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळावं लागतं आणि मग थापावं लागतं. त्या कामाला खांद्यातून वजन खाली यावं लागतं. पृष्ठभाग कोपराच्या बराच खाली नसेल तर खांदे वर उचलून काम होतं आणि महिन्याभरात मान धरते.

दुसऱ्या फेरीला मी गावी जाताना सुताराला सोबत नेलं. शेडमध्ये विटा रचल्या, वर जाड फळी टाकली, तिच्यावर काटवट. काकूंनी 30 इंचांवर दोन भाकरी थापल्या, मग एकेक वीट काढून 28 वर दोन, 26 वर दोन. 30 वर त्या टाचा उचलत होत्या. 26 वर कंबर वाकत होती. शेवटी फळीखाली पातळ फरशीचे तुकडे सरकवून जमलेलं माप निघालं साडेसत्तावीस इंच. त्या फळीवरची शेवटची भाकरी मी आणि सुतारानं तिथंच ठेच्याबरोबर खाल्ली. अशी मोजणी मी आधीच्या 19 वर्षांत कधी केली नव्हती. आता प्रत्येक घरात करते. विटा आणि फळी कुठल्याही गावात मिळतात, खर्च शून्य.

त्यांची पहिली इच्छा खाली बसूनच सगळा स्वयंपाक करायची होती. ती मला मोडावी लागली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचतो, म्हणून शेगडी सिलिंडरच्या पातळीहून वर असावी लागते. घरगुती सिलिंडर दोन फुटांहून जरा उंच. बसून करायच्या शेगडीला हे जमत नाही. कारण सांगितल्यावर काकूंनी लगेच मान्य केलं.

मग बसवलेला 34 इंची ओटा तोडला. नवाकोरा ग्रॅनाइट तोडताना मुलाच्या जिवावर आलं होतं, माझ्याही. त्याच दगडाचे तुकडे कापून वापरले. शेगडी आणि सिंकचा भाग 30 इंचांवर, त्याला लागून डावीकडं अडीच फूट रुंदीचा भाकरीचा कट्टा साडेसत्तावीस इंचांवर. कट्ट्याखाली ट्रॉली घातली नाही. तिथं काटवट उभी राहील अशी खाच, तिच्या मागं हवा जायला जाळी, कारण ओली काटवट बंद जागेत ठेवली की तडकते नाहीतर बुरसते. मधोमधचा ओटा रद्द झाला. त्या जागी चार बाय चार फूट मोकळी फरशी राहिली, विळी मांडून बसण्यासाठी. फोटोत ती जागा रिकामी दिसते. काकू दिवसातला तासभर तिथं असतात.

धान्याला जागा ड्राय बाल्कनीच्या आतल्या भिंतीला. वर्षाची ज्वारी शेतातून येणार, मालदांडी जातीची, चार कट्टे. कट्टे फरशीवर ठेवले की ओल धरतात म्हणून जमिनीपासून सहा इंचांवर लोखंडी घोडी, दोन कट्ट्यांमध्ये हात जाईल एवढं अंतर. तयार ट्रॉल्यांच्या पत्रकांत धान्याच्या कट्ट्याचं माप नसतंच.

पाणी आणि गारवा

लातुरात घर लावताना पाणी हा सजावटीचाच भाग आहे. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे या शहरात आली होती, ते ज्यांनी पाहिलं ते बादली भरलेली बघितल्याशिवाय झोपत नाहीत. आमच्या या इमारतीत नळाचं पाणी आठवड्यातून एकदा, बाकी बोअर. बोअरचं पाणी इतकं जड की सहा महिन्यांत शॉवरची भोकं पांढरी होऊन बुजतात. म्हणून चकचकीत महाग नळांवरचा खर्च कमी केला आणि ते पैसे पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरवर आणि 200 लिटरच्या साठवण पिंपावर घातले. भरलेलं पिंप म्हणजे 200 किलोंहून जास्त वजन. ते लाकडी फळीवर ठेवायचं नाही, सरळ फरशीवर, भिंतीच्या कडेला. माठासाठी खिडकीशी तिवई, माठातून झिरपलेलं पाणी खालच्या थाळीत.

कूलर की एसी, यावर घरात दोन गट पडले. गुरुजींना कूलर हवा होता, त्याची सवय होती. मोठा कूलर मे महिन्यात एका रात्रीत चाळीस-पन्नास लिटर पाणी पितो, आणि पाणी सगळ्यात कमी असतं तेही मे महिन्यातच. मी बेडरूमसाठी एक टनाचा एसी सुचवला तो या हिशेबानं. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चटई लावली. ऊन काचेतून आत आल्यावर आतला पडदा ते फार अडवू शकत नाही, बाहेरच अडवलं तर खोली खरोखर कमी तापते. पीओपीच्या छतावरचा पैसा वाचला, त्यात हे दोन्ही झालं. छत जसं होतं तसं ठेवून पांढरा रंग दिला.

झोपायची खोली

पहिल्या नकाशात मी पलंगाच्या उशाशी वर माळा काढला होता, जागा वाचवायला. गावात दुपारी गुरुजींना कागद दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून तो नीट पाहिला आणि त्या चौकोनावर बोट ठेवलं. "ताई, डोक्यावर ओझं असलं की मला झोप येत नाही." आवाज अगदी साधा होता. मीही त्याच जिल्ह्यातली. पहाटेच्या त्या आवाजानंतर आमच्या घरातली माणसंही कित्येक महिने अंगणात झोपायची. तरी नकाशा काढताना हे माझ्या मनात आलं नव्हतं.

उशावरचा माळा गेला. पलंगाच्या वर फोटो नाही, घड्याळ नाही, झुंबर नाही. कपाट समोरच्या भिंतीला, आणि ते वरून-मधून लोखंडी अँगल मारून भिंतीच्या काँक्रीटच्या भागात पक्कं केलं. उंच कपाट नुसतं उभं ठेवणं मुळातच धोक्याचं, लहान मूल लटकलं तरी ते पुढं येतं. जड सामान खालच्या कप्प्यात, वर फक्त वाकळी आणि रजया. पलंग खिडकीच्या काचेपासून लांब. हायड्रॉलिक पलंगाऐवजी खाली ओढायचे खण असलेला साधा पलंग, कारण गादीसकट ती फळी उचलणं काकूंच्या मनगटांना झेपणारं नव्हतं. गादीसकट उंची 18 इंच. उठताना गुडघ्यावर ताण कमी येतो. पलंगापासून संडासापर्यंत भिंतीत पावलांच्या उंचीवर दोन मंद दिवे, संडासात धरायला स्टीलचे दोन दांडे. हे दांडे टाइल बसवताना मागं पक्की भिंत आहे का बघूनच लावावेत, पोकळ जागी मारलेला दांडा ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी निघून येतो.

इथं माझी दुसरी चूक. शेडच्या मागं जुन्या माळवदाच्या सागवानी तुळया पडून होत्या, ढिगाऱ्यातून काढून ठेवलेल्या. काळ्या, गुळगुळीत, शंभर वर्षांचं लाकूड असावं. माझे डोळे चमकले. मी उत्साहानं म्हणाले, काकू, याचं देवघर करू, तुमचं जुनं घर नव्या घरात येईल. अशी देवघरं मी याआधी तीन केलीत, लोकांना फार आवडतात. काकू हातातलं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "त्या लाकडाखाली माझी सासू गेली. ते घरात नगं."

मी माफी मागितली. जुनं लाकूड दिसलं की त्याला हात घालायची सवय मी तेव्हापासून सोडली. आधी विचारते, हे कुठलं, कधीचं, ठेवायचंय का. देवघर नव्या शिसमचं झालं, लहानसं, हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात, बसून पूजा करता येईल अशा उंचीवर.

हॉल आणि बाकीचं

हॉलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एल आकाराच्या सोफ्यावर पाच माणसं बसतात आणि एकच झोपतं. लातुरातलं घर म्हणजे गावाकडून दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, क्लासच्या चौकशीसाठी येणाऱ्या सगळ्या नात्याचा मुक्काम. म्हणून भिंतीलगत दोन दिवाण, आत अंथरुणं, मध्ये जाजम पसरेल एवढी मोकळी जागा. दिवाणावर मुलानं पसंत केलेलं राखाडी पांघरूण नको म्हटलं आणि काकूंच्या हातची जुन्या लुगड्यांची वाकळ टाकली. ती टाकल्यावर भिंतीचा रंग बदलावा लागला, थंड पांढऱ्याऐवजी जरा दुधाळ. पूर्ण घराचे रंग त्या वाकळीवरून ठरले असं म्हटलं तरी चालेल. पडदे सोलापुरी सुती कापडाचे. डायनिंग टेबल मुलाच्या आग्रहासाठी ठेवलं, काचेऐवजी लाकडी.

साहित्याचं थोडक्यात : पाण्याजवळच्या सगळ्या कामाला आयएस 710 शिक्क्याचं, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लाय, कपाटांना आयएस 303 चं, म्हणजे साधं. शिक्का प्लायच्या प्रत्येक फळीवर बघून घ्यावा, बिलावर लिहिलेलं पुरत नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत घट्ट बसवलेला भरीव लाकडाचा दरवाजा ऑगस्टात फुगून अडतो, म्हणून देवघराच्या दारांना फट मुद्दाम ठेवायला सांगितली.

कामाचा क्रम मात्र महत्त्वाचा ठरला. काकूंना चुलीच्या धुरानं दम्याचा त्रास आहे. प्लाय आणि एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबून केलेली फळी) यांच्यातल्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू निघत राहतो, नव्या फर्निचरचा डोळ्याला झोंबणारा वास थोडाफार त्याचाच, आणि उष्णतेत तो जास्त सुटतो. घर पूर्ण तयार करून दुसऱ्या दिवशी आत राहायला जायचं म्हणजे हा वास छातीत घ्यायचा. म्हणून सुतारकाम 5 एप्रिलला बंद केलं. त्यापुढं साडेतीन आठवडे कपाटांची दारं, खण, खिडक्या सताड उघड्या. रोज सकाळी वॉचमन उघडायचा, रात्री लावायचा. एमडीएफ तर मी जवळपास वापरलंच नव्हतं. तयार घराचं वेळापत्रक आखताना हे रिकामे आठवडे लोक धरत नाहीत, आणि तेच माझ्या मते सर्वांत मोलाचे आठवडे.

घरभरणीला दीडशे माणूस. वास्तुशांतीचा होम नव्या घरात म्हणजे धूर, तूप, राख, हळदीकुंकवाचे पाय. म्हणून गाद्या, पडदे, वाकळ एका बेडरूममध्ये बंद ठेवली आणि हॉल पूर्ण मोकळा सोडला. होमकुंडाखाली आधी वाळू, वर विटांचे दोन थर, नाहीतर उष्णतेनं टाइल तडकते. दूध उतू गेलं, पंगती उठल्या, पाहुणे गेले. मग संध्याकाळी चार माणसांनी दोन तासांत दिवाण, गाद्या, पडदे लावून टाकले. मुलाला फोटोत जे तयार घर हवं होतं ते त्या रात्री नऊला तयार झालं.

डबे भरायचं काम लेकीनं केलं, मी केलं नाही. कुठल्या डब्यात काय, हे घरच्या बाईच्या हाताला माहीत असतं. काकूंच्या सांगण्यावरून स्वयंपाकघरातली एक फळी, हॉलची एक भिंत आणि देवघरातला खालचा कप्पा रिकामा सोडला होता. त्यांनी गावाहून काय आणायचं ते ठरवलं नव्हतं आणि मला विचारायचंही नव्हतं.

हिशेब साडेसात लाखांत बसला नाही. सात लाख ऐंशी हजार झाले. वाढीव तीस हजारांतले बरेचसे ओटा तोडून पुन्हा बांधण्यात गेले. ओटा बसवायच्या आधी मला कुणी बोलावलं असतं तर ते वाचले असते.

सहा महिन्यांनी

दिवाळीच्या आधी मी बघायला गेले. भाकरीचा कट्टा काळाभोर, गुळगुळीत, वापरलेला. पण शेजारच्या हळू बंद होणाऱ्या खणांच्या पट्ट्यांत पीठ जाऊन ते अडकत होते. त्या जागी साधे, झाकण नसलेले कप्पे करायला हवे होते, ते नंतर करून दिले. डायनिंग टेबलावर नातवाची पुस्तकं, जेवण जाजमावर. एसी मे महिन्यात रात्री तीनेक तास, नंतर बंदच. रिकाम्या भिंतीवर सासू-सासऱ्यांचा एकच फोटो. रिकामी फळी भरलेली, गावच्या उतरंडीतली तीन मडकी तिथं आली होती.

गावासारख्या दारापुढच्या कट्ट्याची सोय मात्र मी करू शकले नाही. काकू संध्याकाळी पाचला बाल्कनीत खुर्ची टाकतात, खाली रस्ता बघतात. जिन्याजवळ दाराबाहेर चौदा इंच उंचीचा एक बाक ठेवून बघितला, समोरच्या घरातली बाई दोन-तीनदा येऊन बसली. आठवड्यातून एकदा दोघंही गावी जाऊन येतात. शेड काढलेलं नाही.

निघताना मी झोपायची खोली पाहिली. पलंग फिरवलेला होता. मी उशी भिंतीकडं ठेवली होती. गुरुजींनी पहिल्याच रात्री नातवाच्या मदतीनं पलंग ओढून अशी मांडणी केली होती की पडल्या पडल्या दार समोर दिसावं. त्या बाजूला दिव्याचं बटण नव्हतं, त्यामुळं सहा महिने ते उशाशी टॉर्च घेऊन झोपत होते. मला फोन करून सांगायचं त्यांना बरं वाटलं नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वायरमनला पाठवलं.